खिशातले विमान

तुमच्यापैकी किती जणांनी विमान उडवले आहे? हसू नका. नांदेडच्या आमच्या शाळेत नववीत शिकणारा एक मुलगा म्हणतो, की त्याने उडवले आहे. एकदा नव्हे, शेकडो वेळा. तो कधी विमानतळाच्या आत गेलेला नाही. त्याचे विमान त्याच्या खिशात असते.

त्याचे मामू आखाती देशात नोकरी करतात. सुट्टीत येताना त्यांनी हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम आणला. यंत्राचे नाव निन्टेन्डो थ्रीडीएस आणि त्यातल्या खेळाचे नाव ‘पायलटविंग्ज रिझॉर्ट’. त्या दिवसापासून हा मुलगा जेवताना, चालताना, अगदी जिन्यावर बसूनही विमान उडवू लागला. एके दिवशी त्याचे वडील मला भेटायला आले. देगलूर नाक्याकडे त्यांचे शिलाईचे दुकान आहे. यंत्र माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, “सर, हा म्हणतो मी पायलट होणार. दिवसभर या डबीत डोके घालून बसतो. हा नुसता खेळ आहे की यातून काही शिकायला मिळते, ते तुम्हीच पाहून सांगा. शिकायला मिळत असेल तर मी बोलणार नाही. नाहीतर ही डबी मी कपाटात बंद करतो.”

मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा पाहून मी घाईने उत्तर दिले नाही. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि यंत्र घरी नेले. त्या आठ दिवसांत मी काय पाहिले, ते तुम्हांला सांगतो.

हे यंत्र वहीसारखे उघडते. त्याला दोन पडदे असतात. वरच्या पडद्यावर विमान आणि आकाश दिसते, खालच्या पडद्यावर नकाशा. या यंत्राची खुबी अशी, की चष्मा न लावताही वरच्या पडद्यावरचे चित्र खोल दिसते. जवळची वस्तू जवळ वाटते, लांबची लांब वाटते. डाव्या अंगठ्याखाली एक गोल चकती आहे. ती सरकवली की विमान वळते. एका कळीने वेग वाढतो, दुसरीने कमी होतो. (वेग म्हणजे रफ्तार, हे तुम्हांला ठाऊक आहेच.) हा खेळ २०११ साली बाजारात आला. त्याचा पहिला भाऊ १९९० साली जपानमध्ये निघाला होता आणि दुसरा १९९६ साली. ते दोघे दूरदर्शन संचाला जोडून खेळायचे होते. हा तिसरा मात्र हातात मावतो.

खेळ घडतो समुद्रातल्या वुहू नावाच्या एका काल्पनिक बेटावर. तेथे डोंगर आहे, किनारा आहे, पूल आहेत, घरे आहेत. उडण्यासाठी तीन मुख्य साधने मिळतात. पहिले विमान. दुसरा पाठीला बांधायचा रॉकेटचा पट्टा. तिसरे हँग-ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेला मोठा कापडी पंख. माणूस त्याला लोंबकळून तरंगतो. प्रत्येक फेरीत एक काम दिलेले असते. हवेत टांगलेल्या कड्यांमधून जायचे, फुगे फोडायचे, एखाद्या जागेचे छायाचित्र काढायचे आणि शेवटी नेमून दिलेल्या ठिकाणी हळुवार उतरायचे. कामाप्रमाणे गुण आणि तारे मिळतात.

माझे पहिले विमान डोंगराला धडकले. दुसरेही तेथेच धडकले. कारण सांगतो. मला वर जायचे होते, म्हणून मी अंगठा वर सरकवला. विमान खाली गेले. खऱ्या विमानात वैमानिक हातातला दांडा आपल्याकडे ओढतो तेव्हा विमानाचे नाक वर उठते, आणि पुढे ढकलतो तेव्हा नाक खाली जाते. खेळातही तसेच ठेवले आहे. हे मला आवडले. खेळ करणाऱ्यांना सोपेपणासाठी उलटे करता आले असते, पण त्यांनी खरी रीत सोडली नाही.

वळण्याचेही तसेच. सायकलवरून वेगाने वळताना तुम्ही आतल्या बाजूला झुकता ना? विमानही झुकते. ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा पंख खाली जातो, दुसरा वर येतो. पंख हवेचा जो जोर विमानाला वर उचलतो, त्याच जोराचा थोडा भाग आता बाजूला ओढू लागतो, आणि विमान वळते. पण मग वर उचलणारा जोर तेवढा कमी पडतो. म्हणून वळताना नाक थोडे वर धरावे लागते, नाहीतर उंची कमी होत जाते. आमच्या या विद्यार्थ्याला हे कोणी शिकवले नव्हते. तरी तो वळताना अंगठा अचूक किंचित मागे ओढतो. मी विचारले, “असे का करतोस?” तो म्हणाला, “नाही केले तर कडे चुकते, सर.”

हँग-ग्लायडर मला सगळ्यांत सुंदर वाटले. त्याला इंजिन नाही, म्हणून ते सारखे खाली येत राहते. वर जायचे असेल तर वर चढणारी गरम हवा शोधावी लागते. उन्हाळ्यात दुपारी आकाशाकडे पाहा. घारी पंख न हलवता गोल गोल फिरत वर जातात. नांगरलेले काळे रान उन्हाने तापते, त्यावरची हवा गरम होऊन वर चढते आणि घार त्या हवेवर बसून वर जाते. खेळातला ग्लायडरही हेच करतो. हँग-ग्लायडरच्या दोन फेऱ्या झाल्यावर मी गच्चीवर जाऊन खऱ्या घारी पाहत बसलो, हे मी त्या मुलाच्या वडिलांना अजून सांगितलेले नाही.

आता खेळाचे दोष. पहिला दोष म्हणजे बेट लहान आहे. चार दिवसांत सगळे पाहून होते. मनमुराद फिरायचे म्हटले तरी घड्याळ मागे लागलेले असते. जरा कोठे रमावे तर वेळ संपते. हा दोष लहान मुलांना खटकतो. मला दुसराच दोष मोठा वाटला. या खेळातले विमान कधी तक्रार करत नाही. खऱ्या विमानात नाक फार वर उचलले, तर पंखावरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही. पंखाची पकड सुटते आणि विमान दगडासारखे खाली बसू लागते. अशा वेळी नाक खाली करून वेग मिळवावा लागतो. जमीन समोर दिसत असताना नाक जमिनीकडे करायचे, हे मनाला पटत नाही. पण तेच करावे लागते. वैमानिकाला हा धडा पुन्हा पुन्हा गिरवायला लावतात. खेळात मी नाक कसेही उचलले, तरी विमान आज्ञाधारकपणे चालतच राहिले.

खऱ्या उड्डाणात आणखी काय असते, ते पाहायचे ठरवले. त्यासाठी आम्ही बेट सोडले आणि आपल्या मराठवाड्यात आलो. उड्डाण म्हणजे तुमच्या भाषेतली परवाज. आमची परवाज कागदावरची होती. मी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली काढला, त्या मुलाच्या हातात पट्टी दिली आणि म्हणालो, “चल, नांदेडहून लातूरला विमान ने.”

त्याने नांदेडपासून लातूरपर्यंत सरळ रेघ काढली. नकाशाच्या प्रमाणावरून हिशेब केला. अंतर सुमारे ११५ किलोमीटर भरले. एस.टी. ज्या रस्त्याने जाते तो वळणे घेत जातो, म्हणून तो याहून बराच लांब आहे. रेघेची दिशा नैऋत्य आली. रेघेखाली काय काय येते ते त्याने वाचले. आधी गोदावरी ओलांडायची. मग लोहा अगदी रेघेवरच आले. कंधारचा किल्ला डाव्या हाताला लांब राहिला. अहमदपूरही डावीकडे, पण जवळ. मग लातूर. लोहा आणि अहमदपूर ही तर एस.टी.च्या रस्त्यावरचीच गावे. म्हणजे खाली तो रस्ता दिसत राहिला तर वाट चुकण्याची भीती नाही. विमानविद्येच्या पहिल्या दिवसांत वैमानिक असेच नदी, रस्ता, रेल्वेचे रूळ पाहत जात असत.

“आता सांग, विमान ताशी २०० किलोमीटर वेगाने गेले तर किती वेळ लागेल?” चार आसनांचे लहान शिकाऊ विमान साधारण एवढ्याच वेगाने जाते. त्याने ११५ ला २०० ने भागले, ६० ने गुणले आणि म्हणाला, “साडेचौतीस मिनिटे.”

उत्तर बरोबर होते. पण हे झाले वारा नसताना. समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत आणि पश्चिमेकडून ताशी ४० किलोमीटर वेगाने वारा वाहतो आहे. वैमानिकाने नाक लातूरकडे धरले आणि साडेचौतीस मिनिटे डोळे मिटून उडत राहिला, तर तो कोठे पोहोचेल? येथे मुलगा अडखळला. तुम्हीही जरा थांबून विचार करा.

नाव आठवा. पूर आलेल्या नदीत नावाडी नाव समोरच्या घाटाच्या नेमक्या दिशेने धरत नाही. तो नावेचे तोंड थोडे प्रवाहाच्या उलट बाजूला ठेवतो. का? कारण नाव पाण्यातून पुढे जात असते आणि त्याच वेळी सगळे पाणी नावेला घेऊन खाली वाहत असते. विमान हे हवेतले जहाजच. ते हवेतून लातूरकडे जाते आणि हवा त्याला पूर्वेकडे नेते. साडेचौतीस मिनिटांत ताशी ४० किलोमीटरने हवा किती सरकेल? २३ किलोमीटर. म्हणजे डोळे उघडले तेव्हा वैमानिक लातूरवर नाही. तो लातूरच्या पूर्वेला २३ किलोमीटरवर, उदगीरच्या वाटेवर कोठेतरी आहे! हे टाळायचे तर नाक आधीपासून उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे, वाऱ्याच्या तोंडाला थोडे वळवून ठेवावे लागते. विमान तिरके दिसते, पण जाते सरळ.

मुलाने पुन्हा एकदा रेघेकडे पाहिले आणि विचारले, “मग वुहू बेटावर असे का होत नाही?” मी खेळलो तेवढ्या फेऱ्यांत वाऱ्याने विमान बाजूला नेलेले मला तरी दिसले नव्हते. मी तसे सांगितले. तो गप्प झाला. मला वाटते, त्या क्षणी त्याचा त्या खेळावरचा विश्वास थोडा कमी झाला आणि विमानावरचे प्रेम थोडे वाढले.

मग उंचीचा प्रश्न आला. विमानात उंची दाखवणारे यंत्र असते. ते हवेचा दाब मोजते. वर जावे तसा दाब कमी होतो, त्यावरून उंची कळते. पण ही उंची कोठून मोजलेली? बहुधा समुद्रसपाटीपासून. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटर उंचीवर आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे, साधारण ६३० मीटरवर. समजा, तुमचे यंत्र सबंध प्रवासभर १००० मीटर दाखवते आहे. नांदेडवर असताना तुमच्या पायाखाली ६४० मीटर हवा आहे. लातूरवर पोहोचता तेव्हा फक्त ३७० मीटर उरते. तुम्ही खाली आला नाहीत. जमीन वर आली! रात्री किंवा ढगांत ज्याला हे आठवत नाही, त्याचे काय होईल, ते सांगायला नको. खेळात बेटाच्या चहूकडे समुद्र आहे, त्यामुळे हा प्रश्न तेवढा बोचत नाही. मराठवाड्यात समुद्र नाही.

आणि ऊन. आपल्याकडचा मे महिना तुम्हांला माहीत आहे. हवा तापली की पसरते, विरळ होते. विरळ हवेत पंखाला आधार कमी मिळतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून जे विमान जानेवारीच्या सकाळी थोडे धावून उडते, तेच विमान मेच्या दुपारी धावपट्टीवर जास्त लांब धावते. नांदेडला विमानतळ आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतील नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली होती. दिवस ऐन उन्हाळ्याचे होते. धावपट्टीच्या लांबीचा आणि उन्हाचा असा हिशेब प्रत्येक उड्डाणाआधी कोणीतरी बसून करते, हे प्रवाशांच्या ध्यानीमनीही नसते.

आठ दिवस संपत आले. वडिलांना काय सांगावे? खेळातून काहीच शिकायला मिळत नाही, असे म्हणवेना. सगळे शिकायला मिळते, असेही म्हणवेना. तेव्हा मला एक जुनी हकिकत आठवली.

अमेरिकेत बिंगहॅम्टन नावाच्या गावी एडविन लिंक नावाचा तरुण राहत होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन हे पेटीचे मोठे भावंड. कव्वालीत पेटी वाजते, तेव्हा वादक एका हाताने भाता हलवतो, हे तुम्ही उरुसात पाहिले असेल. भात्यातली हवा पट्ट्यांवरून जाते आणि सूर निघतो. लिंकला विमान शिकायचे होते, पण विमान शिकणे फार महाग होते. त्याने कारखान्यातले भाते आणि झडपा घेतल्या, त्यांवर लहानसे खोटे विमान बसवले. आत बसून दांडा हलवला की भात्यांत हवा भरे किंवा निघून जाई, आणि खोटे विमान खऱ्यासारखे कलत असे. हे १९२९ साली घडले. वैमानिकांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याची यंत्रे करमणुकीच्या बागांत जाऊन बसली. लोक पैसे देऊन त्यांत बसत आणि हसत उतरत. आपल्याकडे माळेगावच्या जत्रेत पाळणा असतो, तसेच ते एक खेळणे झाले.

पुढे १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याला हवाई टपाल नेण्याचे काम देण्यात आले. हिवाळा होता, धुके होते, बर्फ होते. ढगांत शिरल्यावर केवळ यंत्रांकडे पाहून विमान कसे चालवावे, हे बऱ्याच वैमानिकांना येत नव्हते. थोड्याच दिवसांत अनेक तरुण वैमानिक मरण पावले. तेव्हा सैन्याला जत्रेतल्या त्या खेळण्याची आठवण झाली. त्याच वर्षी त्यांनी सहा लिंक यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. आजही मोठे विमान चालवणाऱ्यांना सहा पायांवर हलणाऱ्या बंद खोलीत बसवून शिकवतात. तेथे इंजिनाला आग लागते, चाक अडकते, वादळ येते, आणि कोणाला खरचटतही नाही.

मग लिंकच्या खेळण्यात आणि आमच्या डबीत फरक काय? लिंकच्या यंत्रात चूक केली तर शिकवणारा बाहेर बसलेला असे. वैमानिकाची वाट तो कागदावर पाहत असे आणि चूक दाखवत असे. डबी फक्त तारे कमी देते. चूक का झाली, ते सांगत नाही. ते सांगायला दुसरे कोणीतरी लागते. नाहीतर नकाशा, पट्टी आणि भौतिकशास्त्राचे पुस्तक तरी लागते.

मी वडिलांना हेच सांगितले. खर्चाचेही स्पष्ट सांगितले. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्यातला प्रत्येक तास महाग असतो. डोळे, कान, हृदय यांची कडक वैद्यकीय तपासणी होते. विमानतळाशी बोलण्याएवढे इंग्रजी लागते. गणिताशिवाय तर पाऊलही पुढे पडत नाही. महाराष्ट्रात गोंदिया आणि बारामती येथे विमान चालवण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, हेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्यासारख्यांच्या घरात कोणी उडवले आहे का विमान, सर?”

मला त्यांच्या ओळखीचे एक नाव देता आले. हिजाब इम्तियाज अली. उर्दूतल्या या कथालेखिकेचे नाव तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकले असेल. ‘अनारकली’ हे नाटक लिहिणारे इम्तियाज अली ताज हे त्यांचे पती. हिजाब यांनी लाहोरच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून १९३६ साली वैमानिकाचा परवाना मिळवला. जे. आर. डी. टाटा यांना १९२९ साली भारतातला पहिला परवाना मिळाला, त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी. वडील म्हणाले, “हिजाब? कथा लिहिणाऱ्या?” मी होय म्हणालो. “आमची अम्मी वाचायची,” एवढेच ते बोलले.

यंत्र कपाटात गेले नाही. पण बापलेकांत एक करार झाला. रोज अर्धा तास डबी, आणि त्याआधी गणिताची दहा उदाहरणे. मी त्यात भर घातली, की रोजच्या उड्डाणात झालेली एक चूक आणि तिचे कारण वहीत लिहायचे. पहिल्या आठवड्यात वहीत सगळीकडे एकच कारण होते, ‘घाई केली’. दुसऱ्या आठवड्यात एक निराळे वाक्य आले: ‘उतरताना लवकर नाक उचलले. विमान जमिनीपासून उंच असतानाच मंद झाले. नाक शेवटी उचलायचे, जमीन जवळ आल्यावर.’ अगदी हेच वाक्य शिकवणारे वैमानिक आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात.

गेल्या महिन्यात ते कुटुंब लग्नासाठी लातूरला गेले. मुलगा खिडकीजवळ बसला होता. मांडीवर ती वही होती. परत आल्यावर त्याने मला पान दाखवले. नांदेड सुटल्याची वेळ, लोह्याची वेळ, अहमदपूरची वेळ, लातूरची वेळ. शेजारच्या रकान्यात प्रत्येक गावासमोर विमानाची वेळ, वारा नसताना आणि पश्चिमेचा वारा असताना. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘बस अहमदपूरला चहासाठी थांबली. विमानाला हे जमणार नाही.’